दिवेआगर सहलीच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

माघी गणेश जयंतीच्या सुमारास आमच्यासोबत केलेल्या दिवेआगरच्या तीन मुक्कामांच्या सहलीला तुम्ही दोन स्टार दिलेत आणि कारणंही सविस्तर लिहिलीत. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: नाशिकहून पोचायला दहा तास लागले. सकाळी सातला किनाऱ्यावर गेलात तर समुद्र लांब गेलेला. मुलांना अकराच्या उन्हात पाण्यात उतरवलं आणि संध्याकाळच्या गार वाऱ्यात मात्र आमच्या माणसाने अडवलं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा हुकली, ताटात पापलेट नव्हतं, नारळी-पोफळीची वाडी विरळ होती, आणि रात्री नऊनंतर गावात करण्यासारखं काही नाही. शेवटी अर्धे पैसे परत मागितलेत आणि बहिणीच्या घरच्यांना मे महिन्यात पाठवू का, असंही विचारलंय. पुढे जाणाऱ्यांनाही उपयोग होईल म्हणून सगळं इथेच लिहितो.

आधी समुद्राच्या वेळेचं, कारण तुमच्या निम्म्या तक्रारी तिथूनच आल्यात. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि ही वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावर कोळी बांधवांचा साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, त्या वाजता भरती पूर्ण होते. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला एवढं पुरतं. तुम्ही द्वितीयेला पोचलात. दुसऱ्या दिवशी तृतीया; तिची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनला पूर्ण भरती आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी आठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. त्यात अमावास्येनंतरचे ते दिवस उधाणाचे. उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, आणि दिवेआगरच्या चार किलोमीटरच्या पुळणीला उतार इतका कमी आहे की पाणी माणूसभर खाली गेलं की शेकडो पावलं ओली वाळू उघडी पडते. सकाळी सातला तुम्ही पाहिलात तो हाच प्रकार. ती वेळ चालायला, शिंपले वेचायला, मुलांना सायकल चालवू द्यायला उत्तम, डुंबायला नाही.

आता अकराचं ऊन आणि संध्याकाळची अडवणूक. पाण्यात उतरायचं ते भरती पूर्ण होण्याआधीच्या अडीच-तीन तासांत. त्या वेळी पाणी माणसाला किनाऱ्याकडे ढकलतं. ओहोटी लागली की तेच पाणी आत ओढायला लागतं, आणि ही ओढ भरतीनंतर साधारण तीन तासांनी सर्वात जोरात असते. तृतीयेला सव्वादोनची भरती धरली तर संध्याकाळी पाच म्हणजे नेमकी तीच वेळ. वरून समुद्र शांत दिसतो, पण गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की टाचांखालची वाळू सरसर सरकते. मोठ्या माणसाचा तोल जातो, सात वर्षांच्या मुलाचं काय सांगायचं! त्यातून वाळूत पाण्याने कोरलेले चर असतात, रोज जागा बदलतात, आणि ओहोटीचं पाणी त्या चरांतूनच परत जातं. कधी कुणी ओढलं गेलंच तर थेट किनाऱ्याकडे हात मारत दमायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडायचं आणि मग लाटांबरोबर आत यायचं. आमच्या माणसाला सूचना आहे की ओहोटीत मुलांना घोट्यापलीकडे जाऊ द्यायचं नाही, पालक रागावले तरी. यात बदल होणार नाही. उन्हासाठी पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी आणि दर दोन तासांनी सनस्क्रीन एवढं आपण करू शकतो. भरतीची वेळ काही बदलता येत नाही.

पाणी गढूळ होतं, निळं नव्हतं, हेही खरं. उत्तरेला राजपुरीची खाडी, दक्षिणेला हरिहरेश्वरापाशी सावित्रीचं मुख. पावसाळ्यात वाहून आलेला बारीक गाळ तळाशी बसतो आणि प्रत्येक भरती तो ढवळते. उधाणात जास्तच.

हरिहरेश्वरला चतुर्थीला जायचं ठरलं होतं. त्या दिवशी ओहोटी पावणेनऊची, म्हणून गाडीची वेळ सकाळी साडेसातची दिली होती. गणेश जयंती असल्याने तुमच्या गटाने आधी सुवर्णगणेशाच्या रांगेत उभं राहायचं ठरवलं, त्यात साडेतीन तास गेले, आणि हरिहरेश्वरला पोचेपर्यंत साडेबारा झाले. तीनच्या भरतीचं पाणी तोवर कातळावर येऊ लागलं होतं. प्रदक्षिणेची वाट कातळाच्या खिंडीतून पायऱ्या उतरून थेट समुद्रालगतच्या खडकांवर जाते. तिथे लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. पाणी चढत असताना आम्ही कुणालाही खाली पाठवत नाही. काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव असं दर्शन तुमचं झालं, तेवढंच त्या दिवशी शक्य होतं.

जेवणाचं. ठरलेल्या दरात बांगडा, सुरमईची तुकडी आणि बोंबील किंवा मांदेली येते, हे बुकिंगच्या कागदावर आहे. माणशी एक अख्खं पापलेट त्या दरात बसत नाही; हवं असेल तर आदल्या संध्याकाळी, मुक्काम असतो त्या घरच्या काकूंना सांगायचं, भरडखोलच्या बंदरावर सकाळी जो भाव निघेल त्याने वेगळे पैसे. चतुर्थीला घरात मासळी शिजलीच नाही, ती त्या दिवशी बहुतेक घरगुती खानावळींत शिजत नाही. त्या दिवशी वालाचं बिरडं आणि उकडीचे मोदक होते. मोदक नाशिकला बांधून द्यायला काकूंनी नकार दिला याचा तुम्हाला राग आला. पण ओल्या नारळाचं सारण दुसऱ्या दिवशी आंबतं आणि गार पारी तडकते. ते तिथेच, गरम असताना, वर तूप सोडून खायचे. तुम्ही बोंबलाची तारीफ केलीत ती मात्र काकूंना कळवली आहे. ताजा बोंबील पाण्याने भरलेला असतो. चिरून, फडक्यात गुंडाळून, वर पाटा ठेवून पाणी काढल्याशिवाय तो तव्यावर असा कुरकुरीत होत नाही.

प्रवास. नाशिकच्या मुंबई नाक्याहून दिवेआगर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. इगतपुरी ते आमणे समृद्धी महामार्ग झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण खरा वेळ पुढे जातो: शीळ फाटा, पेण-वडखळ, आणि सुट्टीच्या तोंडावर माणगाव. आम्ही पहाटे चारला निघायचं सुचवतो ते शीळ फाटा सातच्या आत ओलांडावा म्हणून. गटाचं बहुमत सहाचं पडलं, तिथेच दोन तास वाढले. माणगाव-म्हसळा रस्ता वळणांचा आहे. मुलांना उलटी झाली कारण माणगावात मिसळ खाऊन लगेच वळणं लागली. पुढच्या वेळी त्याआधी फक्त कोरडं काहीतरी द्या, गोळी अर्धा तास आधी द्या आणि त्यांना पुढच्या सीटवर बसवा.

वाडी विरळ आहे, बरोबर. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दिवेआगर-श्रीवर्धन पट्ट्यातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. त्यानंतर लावलेली पोफळ अजून पुरती उंच झालेली नाही. सावलीसाठी विहिरीकडची जुनी बाजू मागून घ्या.

नऊनंतर बाजार बंद होतो, हो. ज्यांना वॉटर स्पोर्ट्स आणि गजबज हवी त्यांना आम्ही काशीद किंवा मालवण-तारकर्ली सुचवतो. दिवेआगर त्यासाठी नाहीच.

अर्धे पैसे परत देता येणार नाहीत. पंचमीचं दुपारचं जेवण न घेता तुम्ही निघालात, त्या सहा ताटांचे पैसे मात्र तुमच्या खात्यात जमा केले आहेत.

बहिणीला मे महिन्यात जरूर पाठवा, पण पहिल्या पंधरवड्यातच. नंतर समुद्र खवळायला लागतो. आणि तारीख सप्तमी ते नवमीच्या आसपासची धरा, शुद्ध असो की वद्य. तेव्हा भांग असतो, म्हणजे उधाणाच्या उलट: पाणी फार लांब जात नाही, ओढही कमी, आणि पूर्ण भरती संध्याकाळी सव्वापाच ते पावणेसातच्या दरम्यान येते. म्हणजे मुलांना चार वाजल्यापासून निवांत डुंबता येईल. हरिहरेश्वरची ओहोटी मग भर दुपारी बाराच्या आसपास पडते आणि मे महिन्यात कातळ चांगलाच तापतो, तेव्हा पकड असलेल्या चपला आणि माणशी एक लिटर पाणी घेऊन अकराच्या आत खाली उतरावं.