‘हीटिंग ऑइल टाकीतच राहू द्या’ या सल्ल्याला उत्तर

अमेरिकेत न्यू जर्सी, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्समध्ये जुनी घरं घेतलेल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: हीट पंप (विजेवर घर गरम करणारं यंत्र) बसवलात की बेसमेंटमधल्या टाकीत उरलेल्या हीटिंग ऑइलची, म्हणजे आजवर घर गरम करायला जाळत होतात त्या तेलाची, काळजी करू नका. तेल खराब होत नाही, राहू द्या. हवं तर डिझेल गाडीत घाला, ते डिझेलच असतं. थोडंच असेल तर कुंपणाजवळच्या तणावर ओता.

हे सल्ले ऐकू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आधी ‘ते डिझेलच असतं’ हे घेऊ, कारण ते अर्धं खरं आहे. घरात जळणारं ‘नंबर 2’ प्रतीचं हीटिंग ऑइल आणि डिझेल जवळजवळ सारखंच. कडाक्याच्या थंडीत टाकी रिकामी झाली तर पंपावरून डिझेल आणून बर्नर चालवतात, त्यात काही गैर नाही. उलटा प्रवास मात्र चालत नाही. हीटिंग ऑइलवर रस्त्याचा कर नसतो. डिझेलवर केंद्राचाच कर गॅलनमागे 24.4 सेंट आहे, राज्याचा वेगळा. म्हणूनच करमुक्त तेलात लाल रंग मिसळतात. रस्त्यावरच्या गाडीत ते सापडलं तर पहिल्याच खेपेला 1,000 डॉलर किंवा गॅलनमागे 10 डॉलर, यातला मोठा आकडा दंड म्हणून भरावा लागतो. शिवाय गंधक. रस्त्यावरच्या डिझेलमध्ये गंधक 15 पीपीएमवर (दहा लाख भागांत 15 भाग) आणायला 2006 मध्ये सुरुवात झाली. हीटिंग ऑइलसाठी हीच मर्यादा न्यू जर्सीत 2016 मध्ये आणि मॅसॅच्युसेट्स, कनेटिकटमध्ये 2018 मध्ये आली. टाकीत त्याआधीचं तेल असेल तर आजच्या डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमधल्या महागड्या फिल्टरची वाट लागू शकते.

‘तेल खराब होत नाही.’ चांगल्या बंद टाकीतलं तेल एक-दोन वर्षं नीट जळतं, हे मान्य. पण धोका मुख्यतः टाकीला आहे. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं, ते तेलापेक्षा जड म्हणून तळाशी बसतं आणि लोखंड आतून गंजवतं. पाणी आणि तेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढून गाळ तयार होतो. बाहेरचा रंग शाबूत दिसत राहतो. वापरातल्या टाकीवर सर्व्हिसला येणाऱ्या माणसाची नजर तरी पडते, बंद टाकीकडे कोणीच बघत नाही. नेहमीची टाकी 275 गॅलनची. ती पाव भरलेली असली तरी जवळपास 260 लिटर तेल फरशीवर आणि फटींतून खालच्या मातीत जाऊ शकतं. घराच्या साध्या विम्यात तेलगळती बऱ्याचदा धरलेलीच नसते. मॅसॅच्युसेट्समध्ये 10 गॅलन किंवा जास्त तेल सांडलं तर राज्याच्या पर्यावरण खात्याला दोन तासांत कळवावं लागतं.

तणावर तेल ओतण्याबद्दल फार बोलायची गरज नाही. तण मरतं, मातीही मरते, आणि गावाबाहेरच्या कितीतरी घरांचं पिण्याचं पाणी अंगणातल्याच विहिरीचं असतं.

मला खरी चीड येते ती मेसेजमध्ये जे लिहिलेलंच नाही त्याची. बऱ्याच घरांना तेल ‘ऑटोमॅटिक डिलिव्हरी’ने मिळतं. कंपनी थंडीच्या दिवसांवरून तेल किती संपलं असेल याचा हिशोब करते आणि न विचारता ट्रक पाठवते. तुम्ही हीट पंप लावलात हे त्यांना सांगितलं नाही तर ट्रक येणारच. टाकी काढली पण बाहेरच्या भिंतीतला फिल पाइप (ट्रकमधून तेल भरायची नळी) तसाच ठेवला, आणि तेल थेट बेसमेंटमध्ये ओतलं गेलं, असे प्रकार खरोखर घडले आहेत. कधी ट्रकवाला घराचा नंबर चुकतो आणि शेजाऱ्याचं तेल तुमच्या घरात येतं. टाकी भरत असताना व्हेंटमधून, म्हणजे टाकीतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, शिट्टी वाजते, ती ऐकून माणूस भरणं चालू ठेवतो. शिट्टी नसेल तर त्याने थांबायला हवं. सगळेच थांबतात असं नाही.

मग करायचं काय? हीट पंपाची तारीख ठरली की लगेच कंपनीला लेखी कळवून डिलिव्हरी बंद करा आणि उरलेलं तेल जुन्याच बर्नरमध्ये जाळा. ते चांगलं इंधन आहे, त्याची योग्य जागा तीच. तरी उरलंच, तर कंपनी परत घेते का विचारा; जुनं तेल बहुतेक कंपन्या घेत नाहीत. ओळखीत कोणाकडे तेलाचा बर्नर असेल आणि तुमचं तेल स्वच्छ असेल, तर परवानाधारक माणसाकडून ते उपसून, गाळून तिकडे देता येतं. स्वतः पंप लावून कॅनमध्ये भरू नका. तळाचा गाळ टाकी काढणारी कंपनीच नेते, त्याचे पैसे पडतात. रॉकेलच्या हीटरमध्ये तर हे तेल मुळीच नको, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही घरात भरतात.

मॅसॅच्युसेट्समध्ये टाकी काढायला गावाच्या फायर डिपार्टमेंटचं परमिट लागतं. टाकीबरोबर फिल पाइपही त्याच दिवशी काढून घ्या, नुसतं झाकण घट्ट करून चालणार नाही. परमिट आणि टाकी नेल्याची पावती घराच्या कागदांत जपून ठेवा. घर विकताना समोरचा वकील ती मागू शकतो.