गॅस संपला असेल

गाडीचा एसी बिघडला तरी त्याच्या बटणावरचा दिवा इमानेइतबारे लागतो. बटण दाबलं गेलंय, एवढीच त्याची जबाबदारी. पुढचं तुम्ही आणि तुमचं नशीब. पंखा चारवर, तापमानाचा खटका निळ्या टोकाला पार टेकवलेला, आणि समोरच्या जाळीतून तोंडावर येतेय ती बाहेरचीच दुपार, फक्त जरा वेगाने.

"गॅस संपला असेल," बायको म्हणाली.

संध्याकाळी सासऱ्यांनी फोनवर हेच निदान केलं. ऑफिसात तिघांनी केलं. त्यातल्या एकाकडे गाडीच नाही, पण त्याचाच आवाज सगळ्यात ठाम होता. ताप आला की 'व्हायरल असेल' आणि एसी गार नाही की 'गॅस संपला असेल', ही दोन निदानं करायला आपल्याकडे कुठलीही पदवी लागत नाही.

खरं तर हा गॅस संपत नाही. तो काही पेट्रोल नव्हे. काही शे ग्रॅमच असतो आणि बंद नळ्यांमधून जन्मभर गोल गोल फिरत राहतो. कंप्रेसर त्याला दाबतो, तो तापतो. गाडीच्या नाकाशी बसवलेल्या कंडेन्सर नावाच्या जाळीत ती उष्णता बाहेर फेकून तो द्रव होतो. मग डॅशबोर्डमागच्या नळ्यांत त्याला एकदम मोकळीक मिळाली की पुन्हा उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आपल्या हवेतून ओढून घेतो. आर-१३४ए नावाचा गॅस तर साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो. एवढ्या लवकर उकळणारं त्या दिवसांत दुसरं कोणी असेल, तर सिग्नलला उभा असलेला मी. थोडक्यात, गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतोय. भोक न शोधता नुसता गॅस भरत बसणं म्हणजे फक्त गॅरेजवाल्याची सोय.

हे मी मेव्हण्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मोबाईलवर व्हिडिओ लावून ग्लोव्हबॉक्स उपसला. मागचा केबिन फिल्टर बाहेर काढला. त्यात वाळकी पानं, केस आणि एक झुरळ (दिवंगत) निघालं. फिल्टर तुंबला की हवा कमी येते, हे खरं आहे. आमची तक्रार मात्र हवा भरपूर येते आणि गरम येते, अशी होती. फिल्टर स्वच्छ झाला. ग्लोव्हबॉक्स तेव्हापासून नीट बंद होत नाही.

शेवटी गॅरेज गाठलं. मेकॅनिक शेजारी बसला, म्हणाला, "साहेब, जरा राउंड मारू." मोकळ्या रस्त्यावर गाडी सुसाट निघाली आणि एसी असा गार झाला, की मी त्याच्याकडे रागाने बघितलं. पोटदुखीवाला पोरगा शाळेची वेळ टळताच उड्या मारायला लागतो, अगदी तसा.

"मस्त गार आहे की, साहेब!"

"सिग्नलला होत नाही हो."

"गॅस कमी असेल. मारून टाकू थोडा."

मारला. त्यानंतर एसी सिग्नलला उभं राहायच्या आधीच, नुसता सिग्नल दिसला तरी गरम व्हायला लागला. गॅस कमी असला तर थंडावा कमी होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जास्त झाला तरी तेच होतं, हे कोणी सांगत नाही. दाब बेसुमार चढतो आणि कंप्रेसर स्वतःला वाचवायला बंद पडतो.

या काळात मी नको इतकं वाचन केलं. पॅकार्ड कंपनीच्या १९४० सालच्या मॉडेलमध्ये एसी कारखान्यातूनच बसवून मिळत असे. तो पुरता बंद करायचा तर इंजिन थांबवा, बॉनेट उघडा आणि कंप्रेसरचा पट्टा काढा. म्हणजे त्यांची अडचण थंडी थांबवायची कशी, ही होती! लोक काय काय सुखं भोगून गेलेत.

दुसऱ्या गॅरेजातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडीला हातही न लावता विचारलं, "उभी असताना गरम, की चालतानाही?"

मला भरून आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणी प्रश्न विचारला होता.

गाडी पळते तेव्हा वारा आपोआप कंडेन्सरवर आदळतो. उभी राहिली की ते काम पंख्याचं. मिस्त्रींनी बॉनेट उघडून एसी लावायला सांगितला. पुढे दोन पंखे. एक फिरत होता, दुसरा त्याच्याकडे बघत होता. त्यांनी पंख्याची वीज चालू-बंद करणारा रिले बदलून पाहिला, ढिम्म. मोटर गेली होती. ती नवी बसवली, कंडेन्सरच्या जाळीतला चिखल पाण्याने हलकेच धुतला, आधीच्या गॅरेजची कृपा पूर्ण बाहेर काढली, नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्यूम केला आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेत तेवढेच ग्रॅम मोजून भरले. सगळं होईपर्यंत ते चार वाक्यं बोलले असतील. त्यांत 'असेल' हा शब्द एकदाही नव्हता.

आता सिग्नलला बोटं गारठतात. मी मुद्दाम पिवळा दिवा बघून थांबतो. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत, काचा बंद आहेत.

परवा गाडी लावून वर आलो, तोच दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका धापा टाकत उभे.

"अहो, तुमच्या गाडीखाली केवढं पाणी साचलंय!"

"एसीचं आहे, काका. हवेतलीच वाफ गार होऊन ठिबकते. एसी नीट चालतोय म्हणूनच ते पडतं."

काकांनी माझ्याकडे थोडा वेळ कीव येऊन पाहिलं.

"ते असू दे," ते म्हणाले. "पण एकदा गॅस चेक करून घ्या."