‘एका ओळीचं काम’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आपोआप चालणाऱ्या बॉटला (माणसाऐवजी काम करणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे रोबोटला) नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर, म्हणजे शेअर, का सापडत नाही, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. "झेड ड्राइव्हऐवजी यूएनसी पाथ टाका, विषय संपला. एका ओळीच्या कामावर लांबलचक लेख लिहिणाऱ्याने प्रॉडक्शनला बॉट कधी चालवलेला दिसत नाही," असं तुम्ही लिहिलंत. (झेड ड्राइव्ह म्हणजे त्या शेअरला दिलेलं ड्राइव्हचं अक्षर, यूएनसी पाथ म्हणजे \\सर्व्हर\शेअर असा त्याचा पूर्ण पत्ता, आणि प्रॉडक्शन म्हणजे चाचणी नव्हे, प्रत्यक्ष वापर.) शिवाय स्क्रिप्टमधला पासवर्ड, जुने स्क्रीनशॉट आणि एक चुकलेला एरर नंबर, यांवरही बोट ठेवलंत.

नंबरची चूक माझीच. सर्व्हर सापडतो पण शेअरचं नाव सापडत नाही तेव्हा 67 येतो, मी 53 लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. हे सांगायला तो सूर लागत नव्हता.

आता ‘विषय संपला’. ड्राइव्हचं अक्षर लॉगऑन सेशनपुरतं, म्हणजे एका खात्याने लॉगइन केलेल्या त्या सत्रापुरतं असतं. सकाळी तुम्ही मॅप केलेला झेड तुमच्या सेशनचा. रात्री रोबोटच्या खात्याने नवं सेशन उघडतं, तिथे तो नसतो. म्हणून यूएनसी वापरा, हे लेखात तिसऱ्याच परिच्छेदात आहे. तिथवर तुम्ही पोचला नाहीत, असं दिसतं.

पण यूएनसीने फक्त पत्ता बरोबर होतो. दारात कोण उभं आहे, ते बदलत नाही. जॉब लोकल सिस्टिम या विंडोजच्या अंगभूत खात्याखाली चालत असेल तर डोमेनमधल्या फाइल सर्व्हरला मशीनचं खातं दिसतं, तुमचं नाही. शेअरची आणि एनटीएफएसची (डिस्कवरच्या फाइल-फोल्डरची) परवानगी, दोन्ही लागतात. जी कडक तीच चालते. त्याच सर्व्हरशी त्याच सेशनमधून दुसऱ्या यूजरनेमने आधी जोडणी असेल तर एरर 1219 येतो. यातलं काय तुमच्या एका ओळीने सुटतं?

आणि मी बॉट चालवलेला नाही म्हणता? अकरा वर्षं सपोर्टला आहे. एका क्लायंटकडून महिनाअखेरीला पहाटे तीनला फोन आला. पाथ यूएनसीच होता. टेस्टिंग डेव्हलपरच्या खात्याने झालेलं, प्रॉडक्शनच्या रोबोटला त्या फोल्डरवर फक्त रीड, म्हणजे वाचण्यापुरती परवानगी. इनव्हॉइस वाचली जात होती, निकालाची फाइल लिहिता येत नव्हती, रिट्रायवर रिट्राय. अकाउंट्सच्या बाईंनी दिवसभर सगळ्या नोंदी हाताने केल्या, आणि मी त्यांच्या टेबलाशेजारी उभा होतो. लेख लांब झाला तो त्या दिवसामुळे.

पासवर्डचं म्हणाल तर ते उदाहरण होतं, समजणाऱ्याला समजतं. स्क्रीनशॉट जुने आहेत, राहू देत.

मतभेद जरूर लिहा, पण ओळख नसताना माझ्या कामावर बोलू नका. आणि एकदा तुमच्या नव्हे, रोबोटच्या खात्याने त्या शेअरवर एक रिकामी फाइल तयार करून पाहा. काय होतं ते इथेच कळवा.