चिठ्ठीत निघालेलं मूल

डिसेंबर लागला की आमच्या माहेरच्या ग्रुपवर नाताळाचा वाद निघतो. यंदाचं निमित्त ठाण्यातल्या आतेबहिणीच्या सोसायटीचं. तिथे मुलांसाठी ‘सीक्रेट सँटा’ ठरला, म्हणजे चिठ्ठीत ज्या मुलाचं नाव निघेल त्याला गुपचूप भेट द्यायची; भेटीला ५०० रुपयांची मर्यादा. काकांनी लिहिलं, आत्ताच दिवाळी झाली, आपल्या मुलांना नाताळ कशाला? भावाने लिहिलं, मुलं खूश होतात ना, मग होऊ देत. मध्येच आतेबहिणीने विचारलं, भेट घरी करून दिली तर चालेल का? तिला दोघांकडूनही एकच उत्तर आलं: नको, बरं दिसत नाही, समोरच्याला वाटेल पैसे वाचवले.

नाताळ कुणाचा, यावर ग्रुपवर दोन तट होते. हाताने केलेली वस्तू कमी दर्जाची, यावर मात्र एकमत. मला हे एकमत जास्त लागलं.

नाताळाचं आधी सांगते. वसईच्या गावांतून मराठी बोलणाऱ्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नाताळात येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे सजतात. गोव्यात बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद घेऊन लोक चांदण्या करतात, त्या आपल्या आकाशकंदिलाच्या सख्ख्या बहिणी. शेजारच्या हिंदू घरी नाताळाचं ताट जातं, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तिकडून नेवऱ्या (करंज्या) येतात. हा सण महाराष्ट्र-गोव्याला परका कधीच नव्हता. कुणी साजरा करावा, कुणी करू नये, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मी लाइपझिगमध्ये राहते आणि माझं सासर जर्मनीच्याच एर्त्सगेबिर्ग या डोंगराळ भागातलं आहे. तिथल्या चांदीच्या आणि कथलाच्या खाणी आटत गेल्या तशी माणसं लाकूडकामाकडे वळली. झायफेन नावाच्या गावात आजही स्प्रूसच्या ओल्या लाकडाची चकती लेथवर फिरवून तिचं कडं कोरतात. बाहेरून पाहिलं तर नुसत्या खाचा दिसतात. मग ते कडं केकसारखं उभं चिरत गेलं की प्रत्येक कापातून एक गाय किंवा घोडा निघतो. कारागीर आत दडलेला प्राणी न बघता, हाताच्या अंदाजाने कोरतो. अशा मुलखात हाताने केलेल्या खेळण्याला कुणी हलकं समजत नाही.

सासरी अकरा मुलं आहेत, मांडीवरच्यापासून तेरा वर्षांपर्यंतची. ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीत सगळे सासूबाईंकडे जमतात. तेव्हा मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकतात आणि मोठ्यांपैकी प्रत्येकजण, किंवा जोडप्याने मिळून, एक चिठ्ठी उचलतो. त्या मुलासाठी स्वतःच्या हाताने काहीतरी करायचं. कापड, लोकर, लाकूड विकत घ्यायला हरकत नाही. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी नाताळाच्या झाडाखालून ती भेट मुलाला मिळते.

माझ्या जाऊबाईंनी मला यामागचं कारण सांगितलं होतं. पूर्वी प्रत्येकजण प्रत्येक मुलाला खेळणं आणायचा. ढीग पडायचा, आणि कोणत्या काकाने किती महाग आणलं हे मुलांनाही कळायचं. ज्यांची नोकरी गेली होती त्या घरातल्यांना डिसेंबर जड जायचा. मोठ्या कुटुंबात विकतची भेट माणसांची उतरंड लावते, मग देणारे कितीही प्रेमाचे असोत. आपल्याकडे लग्नाच्या आहेरात आणि भाऊबिजेच्या ताटात हेच होताना मी पाहिलंय.

हातकामात पैशाची तुलना संपली तरी कौशल्याची सुरू होते. आमचे मोठे दीर सुतार आहेत. त्यांनी केलेल्या, दोरीने वजन उचलणाऱ्या क्रेनशेजारी सहा वर्षांच्या मुलाने लोकरीचे मोजे उघडले, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला मला आठवतो. त्यावर सासूबाईंनी काढलेला तोडगा मला फार पटतो. चिठ्ठीत निघालेल्या मुलाला नोव्हेंबरात एक दिवस आपल्याकडे न्यायचं, त्याच्याशी खेळायचं, त्याच्या डोक्यात सध्या काय चाललंय ते ऐकायचं. पुढच्या वर्षी त्यांनी एका नातवासाठी मोज्यांच्याच विणीचे पाच बोटबाहुले विणले, कारण तो दिवसभर गोष्टींतल्या चोरांविषयी बोलत होता. पाचातले तीन चोर होते.

तीन वर्षांखालच्या मुलाला भेट असेल तर बाहुलीला बटणाचे डोळे लावायचे नाहीत, दोऱ्याने भरायचे. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती इतक्या लहान मुलाच्या हातात द्यायची नाही, असा इथे साधा ठोकताळा आहे. लाकडाला जवसाचं तेल चोळलं तर त्याची चिंधी चुरगळून टाकायची नाही, पसरून वाळवायची. ती आपोआप पेट घेऊ शकते.

आता कुणी म्हणेल, तुमच्याकडे वेळ आहे. आहे, आणि तो कायद्याने दिलेला आहे. रविवारच्या विश्रांतीला इथे राज्यघटनेचं संरक्षण आहे आणि बहुतेक दुकानं त्या दिवशी बंद असतात. माझी आतेबहीण सकाळी ठाण्याहून लोकल पकडते आणि रात्री आठला घरी पोचते. शाळेचे प्रोजेक्ट रात्री अकराला कोण चिकटवत बसतं, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. हातकामाची भेट म्हणजे आईच्या डोक्यावर आणखी एक काम होणार असेल, तर त्यापेक्षा विकतची परवडली. सासरी ही प्रथा टिकली त्याचं मोठं कारण मला हे दिसतं, की पुरुषांनाही चिठ्ठी उचलावी लागते.

पण घरी केलेलं बरं दिसत नाही, हे मी मान्य करणार नाही. जर्मनीतच १८४० मध्ये फ्रेडरिक फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने किंडरगार्टन हे नाव रूढ केलं. कागदाच्या चार पट्ट्यांची जी चांदणी इथे घरोघरी डिसेंबरात घडते ती त्याच्या नावाने ओळखली जाते. आणि आपल्याकडे १९४५ पासून बोर्डीत, पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांचीच शिक्षणसाधनं केली. महागडी मॉन्टेसरी साधनं त्या मुलांपर्यंत पोचणार नव्हती. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत अरविंद गुप्तांनी काडेपेट्या, रिफिली, सायकलच्या ट्यूब यांतून केलेली खेळणी जगभरच्या मुलांनी करून पाहिली आहेत. ज्या प्रदेशात हे काम झालं तिथे मुलासाठी हाताने काही करणं कमीपणाचं कसं?

काका, प्लास्टरचे तयार किल्ले बाजारात आले म्हणून दिवाळीत तुम्हीच कळवळून लिहिलं होतं. माती कालवून, पोत्याचे तट उभे करून, अळीव पेरून जे मिळतं ते विकतच्या किल्ल्यात नाही, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. माझंही म्हणणं तेच आहे. डिसेंबर आला म्हणून ते खोटं ठरत नाही.

आतेबहिणीला मात्र मी सांगितलं, सोसायटीत विकतचीच भेट दे. तिथे चिठ्ठीत निघणारं मूल तुझ्या ओळखीचं असेलच असं नाही, आणि ओळखीशिवाय केलेलं हातकाम त्याच्यावर लादल्यासारखं होतं. आपल्या घरातल्या मुलांचं वेगळं आहे. गणपतीला चिपळूणच्या घरी सगळे जमतात, तेव्हाच चिठ्ठ्या टाकूया. नाताळाच्या सुट्टीत आम्ही येतो तेव्हा भेटी देऊया. मोठ्यांतल्या सगळ्यांना चिठ्ठी उचलावी लागेल, काकांपासून नुकत्याच नोकरीला लागलेल्या भाच्यापर्यंत. ज्याला शिवता-विणता येत नाही त्याने पतंग करावा, भिंगरी करावी, आजीच्या फोटोंचे जोड्या लावायचे पत्ते करावेत. आणि परदेशातून येणाऱ्यांनी बॅगेत चॉकलेटं भरून आणली म्हणून कुणाला सूट देऊ नये, मलाही नाही.