मुंगूस आपलंच आहे

रविवारी भाची पुण्याहून आली होती. संध्याकाळी तिला बांधावर घेऊन गेलो, तेवढ्यात खोडव्यातून एक मुंगूस निघालं आणि पाटापलीकडच्या उसात शिरलं. माझ्या तोंडून आपसूक आलं, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" तर भाची म्हणाली, "मामा, ते 'मंगूस' असतं. तुम्ही गावाकडं मुंगूस म्हणता का?"

म्हणजे शब्द इंग्रजी, आणि आमचा उच्चार गावठी. फार लागलं मला ते.

अहो, इंग्रजांनी तो शब्द आपल्याकडूनच उचललाय! ऑक्सफर्डचा शब्दकोश उघडा, 'मंगूस'च्या व्युत्पत्तीत सरळ मराठी लिहिलंय. कंपनीचा सर्जन जॉन फ्रायर शिवाजी महाराजांच्या काळात मुंबई, सुरत, जुन्नर असा फिरला. १६९८ साली लंडनला छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा शब्द आहे. हिंदीत याला नेवला म्हणतात, गुजरातीत नोळियो, संस्कृतात नकुल. यातलं काही इंग्रजीत रुजलं नाही, रुजलं ते दख्खनचं मुंगूस.

दख्खनचं म्हणतो, कारण तेलुगूत मुंगिस आणि कन्नडमध्ये मुंगुसी आहे, आणि काही अभ्यासक मूळ द्राविडी धरतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. आमच्या सांगली जिल्ह्यातच जतकडं घराघरात कन्नड बोलतात. एका बांधावरचा शब्द दोन भाषांनी वापरला, एवढंच.

इंग्रजीतल्या 'गूस'शी, म्हणजे हंसाच्या जातीतल्या त्या पक्ष्याशी, याचा काही संबंध नाही. म्हणून तर अनेकवचन 'मंगूसेस' होतं, 'मंगीस' नाही. हे भाचीला लगेच पटलं, कारण वर्गात तिचं तेच चुकलं होतं.

ऊसवाल्यांनी आणखी एक ऐका. १८७२ साली जमैकात उसातले उंदीर मारायला भारतातून नऊ मुंगसं नेली. आपल्या बांधावरचं नव्हे, त्याचं लहान भाऊबंद. पण उंदीर हिंडतात रात्री आणि मुंगूस दिवसा. मग त्यांनी तिथल्या पक्ष्यांच्या अंड्यांवर ताव मारला. तिथून पुढं १८८३ ला हवाईच्या उसात. प्राणी गेला तिथं नावही गेलं.

शाळेत 'मंगूस' शिकवताना हा शब्द आपल्याकडून गेलाय हे सांगायला किती वेळ लागतो? भाची पाचवीत आहे. तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.