लोकसंगीत ऑनलाइन दाखवायचंय? मग आवाजाला जपा

लोककला सप्ताह तोंडावर आलाय, अहवालाला स्क्रीनशॉट जोडायचेत आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये शाळेची बस काढायची कोणाची छाती नाही. तेव्हा बाई, सर, मैफल ऑनलाइनच करा. फक्त पुढचं नीट पाळा.

कलावंत शक्यतो लांबचा शोधा. येऊरचे वारली पाडे हाकेच्या अंतरावर असले म्हणून काय झालं, तारपा हे वारल्यांचं फुंकवाद्य वाजवणारा जव्हारचाच हवा. रेंज जितकी कमी तितका कार्यक्रम अस्सल. नवी मुंबईत असाल तर आगरी लग्नात धवला गाणारी धवलारीण शाळेमागच्या गावठाणात राहते आणि तिची नात तुमच्याच सहावी ‘ब’मध्ये बसते, याकडे काणाडोळा करा. ती शाळेत आली तर माइकशिवायच गायला लागेल. मग आयटीच्या सरांनी काय करायचं?

झूमच्या ऑडिओ सेटिंगला हात लावू नका. ते मुळात माणसाचं बोलणं पोचवायला बनवलंय. बाकी सगळा त्याच्या लेखी गोंगाट. तारपा म्हणजे सुकवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा गालात हवा धरून ठेवतो, त्यामुळे दम घेतानाही सूर तुटत नाही. आणि सूर तुटत नाही म्हणजे ॲपच्या हिशेबाने तो पंखा! काही सेकंदांत त्याचा बंदोबस्त होतो. मुलांना दिसतात फुगलेले गाल, ऐकू येतं काहीच नाही. तुणतुण्याची गत वेगळी नाही. संबळाचे ठोके दार आपटल्यासारखे छाटले जातात. त्यातून जे वाचतात त्यांचा खर्ज मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला झेपत नाही, उरते टकटक. ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ नावाची सोय त्याच सेटिंगमध्ये आहे. ती चालू केली, मीटिंग सुरू झाल्यावर वरचं बटणही दाबलं, इको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी गाळणारी सोय) काढून कलावंताच्या कानात वायरचा हेडफोन दिला, तर दुसऱ्या टोकाला चक्क वाद्य ऐकू येतं. म्हणूनच सांगतो, तिकडे फिरकू नका. वायरचा हेडफोन तर नकोच, ब्लूटूथचा द्या. त्याचा माइक चालू झाला की आवाज फोन कॉलच्या दर्जावर येतो, वर थोडा उशिराही पोचतो.

ढोलकीवाल्याला स्मार्ट क्लासरूममध्ये बसवून एसी १८ वर ठेवा. बाहेरच्या दमट हवेत सैल पडलेली पुडी, म्हणजे ढोलकीचं चामडं, आत आली की ताठते, सूर चढत जातो, आणि बिचारा सगळा वेळ ती उतरवत बसतो. गायिका ऐरोलीत आपल्या घरी असेल तर उत्तमच. एकत्र वाजवणाऱ्यांना २५-३० मिलिसेकंदांच्या पुढचा उशीर जाचू लागतो. घरच्या वायफायवरून झूम गाठलं की तो शंभराच्या पुढे सहज जातो. ती ठेका ऐकून थांबेल, तो तिची वाट पाहून थांबेल, लय आपोआप मंदावत बैठकीवर येईल. वर मुलांना अनम्यूट करून म्हणा, “चला, सगळ्यांनी टाळ्यांनी साथ द्या!”

फुकटातलं झूम ४० मिनिटांत बंद पडतं, हे मात्र ध्यानात असू द्या. दीपप्रज्वलन ६ मिनिटं (निरांजन कॅमेऱ्यात येईपर्यंत पुन्हा पुन्हा), विश्वस्तांचं मनोगत १४, कलावंताचा परिचय ८, तांत्रिक अडचणीबद्दल दिलगिरी ७. उरली ५, ती कलेला द्या. रेकॉर्डिंग दाखवायचं ठरलं तर स्क्रीन शेअर करताना ‘शेअर साउंड’ची खूण तेवढी विसरा.

एखादं कार्टं चॅटमध्ये विचारेलच, “तारपावाल्याभोवती फेर धरून नाचतात ना? मग हा खुर्चीवर का बसलाय?” चॅट बंद करा.

राहिलं मानधन. कलावंताने विषय काढलाच तर जीएसटी क्रमांक मागा. नसेल तर खरेदी समितीचा नियम दाखवा आणि तारपा वाजवणाऱ्या तिघांची सीलबंद कोटेशन्स मागवून घ्या.