बगळ्यांची राखण करणारी मगर?

आमच्या घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ तिसऱ्यांदा आला. खाली हिरव्या पाण्यात दहा-बारा मगरी, वर झाडावर बगळ्यांची घरटी. सोबत मजकूर: 'मगर या पक्ष्यांना कधीच खात नाही, उलट त्यांच्या पिल्लांची राखण करते. पोट भरलं की प्राणी कुणाला मारत नाही. माणसाने हे शिकावं.' खाली हात जोडलेल्यांची रांग.

मुळात ही आपल्या कृष्णेतली मगर नव्हे. दृश्य अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं आणि प्राणी म्हणजे मगरीचा भाऊबंद अ‍ॅलिगेटर. तो अमेरिका आणि चीन सोडून कुठे नसतो. पण एवढी चूक चालवून घेऊ.

'कधीच खात नाही' हे मात्र धादांत खोटं. बगळ्याची अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत, त्यामुळे घरट्यात एक पिल्लू थोरलं आणि एक अगदी धाकटं असतं. चारा कमी पडला की थोरलं धाकट्याला टोचतं, उपाशी ठेवतं, कधी कडेवरून ढकलतं. पडलेलं पिल्लू उचलायला आई खाली येत नाही. खाली कोण वाट बघत असतं ते व्हिडिओत दिसतंच आहे. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत संशोधकांनी अ‍ॅलिगेटर पकडून मापं घेतली, तेव्हा सारंगागाराखाली, म्हणजे बगळ्यांच्या घरट्यांच्या वसाहतीखाली राहणारे इतरांपेक्षा चांगले धष्टपुष्ट निघाले. हा अभ्यास २०१६चा.

मग राखणीचं काय? इथे फॉरवर्डवाल्याला थोडे गुण द्यावे लागतील, कारण राखण होते. बगळ्यांचा खरा वैरी म्हणजे तिकडचा एक छोटा शिकारी प्राणी, रॅकून. तो पोहतो, झाडावर चढतो, आणि एकदा वाट सापडली की अख्खी वसाहत साफ करतो. पाण्यात अ‍ॅलिगेटर असले की रॅकून त्या बेटाकडे फिरकायला कचरतो. म्हणून पक्षी मुद्दाम अशी जागा निवडतात. फ्लोरिडातल्याच सेंट ऑगस्टिन गावात १८९३पासून एक अ‍ॅलिगेटर फार्म आहे. तिथल्या तळ्यावरच्या झाडांवर रानातले बगळे आणि करकोचे आपणहून येऊन घरटी करतात. म्हणजे एखाददुसरं पिल्लू गेलं तरी बाकीची वाचतात. अ‍ॅलिगेटरच्या मनात राखण वगैरे काही नसतं. रॅकून पाण्यात उतरला तर त्याचंही तो तेच करतो.

पोट भरल्याची गोष्टही तशीच. अ‍ॅलिगेटर थंड रक्ताचा, त्याला आपल्यासारखं रोज जेवावं लागत नाही. गारठा वाढला की खाणंच थांबवतो. पण त्या तासभर निश्चल पडण्याला दया समजू नये. बगळा जबड्याच्या टप्प्यात आला की तो निश्चलपणा संपतो. संत म्हणायचं असेल तर आधी बगळ्याला विचारा. तो फांदीवर आहे, पाण्यात नाही.

याच फ्लोरिडात लाल पोटाच्या कासवाची मादी अ‍ॅलिगेटरच्या पालापाचोळ्याच्या घरट्यातच अनेकदा आपली अंडी घालते. घरट्याची मालकीण आपल्या अंड्यांवर पहारा देते, त्यात कासवाचीही सांभाळली जातात. आणि अ‍ॅलिगेटरच्या आवडत्या खाण्यात कासवं येतात. या जातीचं कवच चांगलंच जाड असतं.